भिंतीला मारलेली हाक

"वैजयंता दत्तात्रय वेळापुरे, घरात आहात काय?"

हा आवाज लहानपणी कांचनच्या कानात शिरला तो शिरलाच. हाक म्हणावी तर ती हाक नव्हती. जेवण उरकलेला माणूस ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेतो, तसा तो आवाज होता. दबका, घाईतला, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून जपून काढलेला.

कांचन तेव्हा दुसरीत होती. शेजारच्या पायरीवर काचांचा खेळ मांडून बसली होती. पिशवीवाला एक माणूस त्यांच्या दाराशी आला. दाराकडे त्यानं पाठ केली, समोरच्या भिंतीकडे तोंड केलं आणि त्या भिंतीला आईचं नाव सांगितलं. तीनदा. मग उंबऱ्याबाहेरच्या घागरीत बोटं बुडवली. तहान लागली असेल बिचाऱ्याला, असं कांचनला वाटलं. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी तिला लाडू खायला आत बोलावलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत आई बांगड्यांच्या माळा ओवत बसली होती. बाजार बंद असण्याचा दिवस. ती कुठे जाणार? दारावर साधी थाप पडली असती तरी ती उठून आली असती.

संध्याकाळी कांचननं सांगितलं, "आई, एक माणूस भिंतीला तुझं नाव सांगत होता."

आई हसली. "भिंतीला कशाला गं? मला सांगायचं की!"

ते तिचं हसणं कांचनला शेवटचं आठवतं. कारण पुढे काही दिवसांनी बाजारातलं त्यांचं बांगड्यांचं भाड्याचं दुकान कोर्टाच्या हुकमानं रिकामं झालं. गाळ्यांच्या मालकाला तिथं इमारत उठवायची होती. दावा लागला, निकाल झाला, आणि वैजयंताबाईंना त्यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. कोर्टात जाऊन त्या म्हणाल्या, "मला कुणी बोलावलंच नाही." त्यावर तो माणूस, रंगनाथ खटावकर, बेलिफ, शपथेवर म्हणाला, "मी दारात उभा राहून तीनदा हाक मारली. कुणी ओ दिली नाही. कागद दारावर डकवला." दोन पंचांच्या सह्याही होत्या. दुसरीतल्या पोरीला कोण विचारतं?

कासाराच्या घरात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही. वाढवली म्हणतात. त्या दिवशी हिरव्या, लाल, आमसुली काचांचा खच रस्त्यावर पडला होता आणि आई त्यात बसून म्हणाली, "फुटल्या गं, कांचे. सगळ्या फुटल्या."

त्यानंतर ती जगली काही वर्षं, पण बांगड्या चढवताना म्हणायची ती ओवी तिच्या गळ्यात परत आली नाही.

*

कांचन मोठी झाली, लग्न होऊन शिंदे झाली आणि भिवपूरच्या दिवाणी कोर्टात बेलिफ झाली. लोकांना नवल वाटे. शिकलेली मुलगी, दारोदार कागद वाटायचं काम का घेते? ती म्हणे, "मला लोकांच्या दारात उभं राहायला आवडतं." खरं कारण तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

तोवर जग पुष्कळ पुढे गेलं होतं. मधल्या काळात कोर्टाच्या नोटिसा आधी फोनवर आल्या, मग उडत्या यंत्रांनी अंगणात आणून टाकल्या. आणि मग भामट्यांनी हुबेहूब न्यायाधीशांच्या आवाजात, हुबेहूब शिक्क्यांनिशी खोट्या नोटिसांचा असा पाऊस पाडला, की खरी नोटीसही कुणी उघडीना. "आम्हाला वाटलं खोटी आहे," असं म्हटलं की संपलं. दावे तुंबले. शेवटी कायदा बदलला. लोक त्याला 'उमज कायदा' म्हणू लागले. त्याचं सार एवढंच, की दिवाणी दाव्याचा कागद जिवंत माणसानंच, समोरासमोर उभं राहून द्यायचा. घेणाऱ्याला तो उमजला पाहिजे. आणि देणाऱ्याच्या मनात घेणाऱ्याविषयी लोभही नको, वैरही नको.

हे मोजायला दोन कडी आली. एक घेणाऱ्याच्या मनगटात चढवायचं, आणि त्याच्याच जोडीची बोटभर पट्टी कानामागे लावायची. शब्दाचा अर्थ लागला की मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते, शब्द कानी पडल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत. शब्द नुसता कानावर आदळला आणि मन दुसरीकडे असलं, तर ती लाट दबते. पट्टी ती लाट टिपते. कागदाची वाक्यं एकेक उमजत गेली की कडं उजळत जातं. भाषेची सक्ती नाही. समोरच्याला कळेल अशा साध्या बोलण्यात सांगितलं तरी चालतं.

दुसरं कडं देणाऱ्याच्या हातात. ते नाडीच्या ठोक्यांमधलं अंतर पाहतं, कातडीचा ओलावा पाहतं, आवाजातला कंप पाहतं.

"पण ते तुझी जगाशी तुलना करत नाही बरं का," नाझर धुमाळांनी कांचनला पहिल्या दिवशी समजावलं होतं. नाझर म्हणजे बेलिफांचा वरिष्ठ. कामं वाटून देणारा. "ते तुझी तुझ्याशीच तुलना करतं. बाकीच्या दारांत तू जशी असतेस, तशीच या दारात असलीस तर हिरवं. बदललीस तर पिवळं. पिवळं टिकून राहिलं तर लाल, आणि लाल झालं की बजावणी रद्द. मग तो कागद परत द्यायला दुसरा माणूस शोधा, म्हणजे आमच्या डोक्याला ताप."

कांचनच्या कड्याचं पिवळं कुणी कधी पाहिलं नाही. शिवाय समोरच्याचं कडं उजळवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ही तिच्या आईची विद्या होती. बांगडी काचेनं चढत नाही, हातानं चढते, असं आई म्हणायची. अंगठ्याखालचा उंचवटा हलके दाबायचा, बाईला तिच्या आवडीचं काहीतरी विचारायचं, ती बोलायला लागली की मूठ आपोआप सुटते. तेवढ्यात काच मनगटात. वर आईची ओवी चालूच:

*सैल सोड गं हात बाई, मूठ उघड कळीवाणी,*
*चुडा चढतो मनगटी, पाटामधून जसं पाणी.*

लोक कोर्टाचा कागद पाहिला की मनाची मूठ आवळतात. कांचन ती उघडत असे.

*

"हे बघ, एक नग आलाय," धुमाळ त्या सकाळी म्हणाले. "तिघं जण जाऊन हात हलवत परत आले. म्हातारा नाही म्हणत नाही. चहा देतो, हात पुढे करतो, पट्टी लावून घेतो. आणि वाचायला लागलं की मनात पाढे म्हणतो! लाटच उठत नाही. त्याला यंत्राची खोड ठाऊक आहे. आपल्यातलाच जुना आहे."

"नाव?"

"रंगनाथ खटावकर. सुनेनं दावा लावलाय. मुलगा गेला तसं म्हाताऱ्यानं तिचं सामान बाहेर काढलं. वरचा मजला त्या नवरा-बायकोनं बांधलेला. ही काय, बसलीय बघ व्हरांड्यात."

कांचननं खिडकीतून पाहिलं. तिशीतली एक बाई बाकावर पाय वर घेऊन डब्यातली पोळी खात होती. ती प्रणिता. कांचनला पाहून म्हणाली, "ताई, तुम्ही चौथ्या ना? जमलं तर बघा. नाहीतर मी म्हाताऱ्याला पाढे शिकवणाऱ्या मास्तरावरच दावा लावते."

दोघी हसल्या. पण हसता हसता प्रणिताचे डोळे भरले. "बोलावलेलं त्यांना कळतच नाही म्हणे. मला बाहेर काढताना सगळं कळत होतं."

कांचन खिडकीपासून मागे वळली. धुमाळांनी नेहमीचं वाक्य विचारलं. कडं हातात घालून त्याचं उत्तर द्यावं लागे. "या माणसाशी तुझं नातं, लोभ, वैर, काही संबंध?"

तिची खात्री होती की आता कडं पेटणार. इतकी वर्षं ज्या नावासाठी ती दारोदार फिरली, ते नाव हातातल्या कागदावर होतं. खरं बोलली तर कागद दुसऱ्याकडे जाईल आणि म्हातारा आणखी एक पाढा म्हणून मोकळा होईल.

"नाही," ती म्हणाली.

कडं हिरवं राहिलं.

"स्वच्छ," धुमाळ म्हणाले. "जा."

स्वतःच्याच मनगटाकडे ती चक्रावून पाहत राहिली. एवढं मोठं वैर, आणि यंत्राला दिसू नये?

*

घर नदीच्या वरच्या आळीत होतं. वरच्या मजल्याला बाहेरून कुलूप. खालच्या दारात रंगनाथ खटावकर खुर्ची टाकून बसले होते. ऐंशीच्या घरातले, वाळून गेलेले, पण नजर घारीची.

"ये बाई, ये. कोर्टाची ना? चालीवरून कळतं. आधी चहा घे."

"चहा नंतर, आबा. आधी हात द्या."

"घे की." ते मिस्कील हसले. "पण एक विचारतो. तुझा माझा काही संबंध नाही ना? मी कायदा कोळून प्यालोय. तसं काही निघालं, तर मुदतीत हरकत घेऊन ही बजावणी मोडून काढीन. सांगून ठेवतो."

"मी कोर्टाची बेलिफ, आबा. एवढाच संबंध."

हिरवं.

तिनं त्यांचा हात हातात घेतला. हाच तो हात, घागरीत बुडालेला. मनात तिनं कितीदा तरी हा हात धरला होता आणि दर वेळी तो जाड, राकट, केसाळ होता. हा हात तर पानगळीतल्या फांदीसारखा होता. नसा वर आलेल्या, कातडी कागदासारखी, आणि अखंड थरथर. अंगठ्याखाली दाबायला उंचवटाच उरला नव्हता. कडं अलगद मनगटात सरकलं, पट्टी तिनं कानामागे लावली.

"थंड आहे का गं तुझा हात?" म्हातारा म्हणाला. "नाही, बरं वाटतंय. कुणी हात धरून किती महिने झाले असतील. ते तिघं नुसतं कडं अडकवायचे, ढोराला दावं लावल्यासारखं. तू बघ कशी मायेनं..."

कांचननं नजर वळवली. आत ओट्यावर एकच कप पालथा होता. खाली दूध सांडून वाळलं होतं आणि मुंग्यांची रांग लागली होती.

तिचं कडं पिवळं झालं.

तिनं ते पाहिलं. धुमाळांचं बोलणं तिला आत्ता, या उंबऱ्यावर, कळलं. कडं तिची तिच्याशीच तुलना करत होतं. पहिल्या दारापासून आजवरच्या प्रत्येक दारात ती या माणसाचं वैर घेऊन उभी राहिली होती. हाक मारताना, कागद देताना, परत वळताना. यंत्रानं तेच वैर तिचा स्वभाव म्हणून शिकून घेतलं होतं. तेच तिचं हिरवं होतं. पिवळी झाली ती दया आली म्हणून.

*काचेचा तो कण माझ्या तळव्यात राहिला,*
*चालले जिथं जिथं, रस्ता त्यानंच पाहिला.*

कधी तरी तिनं स्वतःच जुळवलेली ही ओवी तिला आठवली. आता थोडा वेळ हे पिवळं टिकलं की लाल होईल. बजावणी रद्द. प्रणिता व्हरांड्यात. म्हातारा खुर्चीत.

दया गिळायला हवी होती. आणि ती गिळायचं औषध या म्हाताऱ्याच्याच पोटात होतं.

"आबा," तिनं हात न सोडता विचारलं, "तुमच्या काळी कड्याबिड्यांची भानगड नव्हती. तुम्ही कशी करायचा बजावणी?"

म्हातारा खुलला. "आमचा काळ वेगळा! डोकं लागायचं त्याला. आता यंत्र सांगतं, तुम्ही मान हलवता."

"आता यंत्र सांगतंय की तुमच्या सूनबाईंनी, प्रणितानं, वरच्या मजल्यासाठी दावा लावलाय. पण ते राहू दे. डोकं कसं लावायचा ते सांगा."

"लावलाय दावा, माहितीय..." तो मोकळा हात झटकून म्हणाला. त्याच्या मनगटावरचं कडं थोडं उजळलं. त्याला ते दिसलं नाही. तो आपल्या तरुणपणात शिरला होता. "हे बघ, शपथेवर खोटं बोलायचं नाही, हा आपला नेम. अहवालात लिहिलं ना, हाक मारली, तर हाक मारायचीच. पण किती मोठ्यानं मारायची ते कायद्यात कुठं लिहिलंय? भिंतीकडे तोंड करायचं आणि भिंतीला सांगायचं!"

तो खो खो हसला. कांचनही हसली. पण दातांवर दात घट्ट आवळून.

"आणि आबा, आता मोठ्यानं सांगते, ऐका. येत्या तारखेला सकाळी तुम्ही कोर्टात हजर राहायचंय. मग पुढे? कागद तर दारावर डकवावा लागतो ना?"

"डकवायचा की! दोन पंच आधीच सह्या करून मोकळे. डकवायचा, पण खळीनं नाही." त्यानं आवाज खाली आणला, डोळे चमकवले. "पाण्यानं! दारात कुणाची तरी घागर असतेच. बोटं बुडवायची, कागद ओला करायचा, दारावर थापायचा. डकवला की नाही? डकवला. ऊन लागलं की सुटला, वारा आला की गेला. आपण खोटं बोललो का? एका कासारणीचं दुकान असंच एका कागदात रिकामं झालं. बाई कोर्टात रडत होती, मला कुणी बोलावलंच नाही. आणि माझ्या अहवालात काढून दाखव एक खोटा शब्द!"

घागर. बोटं. तहान लागली असेल बिचाऱ्याला.

कांचननं मनगटाकडे पाहिलं. हिरवं. गच्च, गर्द हिरवं, आईच्या दुकानातल्या हिरव्या चुड्यासारखं.

"आला नाहीत, आबा," ती अगदी शांतपणे म्हणाली, "तर तुमचं म्हणणं न ऐकताच निकाल होईल. मग कुणी तुम्हाला विचारणार नाही. उमजलं?"

"न ऐकता कसा निकाल..." म्हातारा दचकून म्हणाला आणि थांबला. त्याच्या हातातलं कडं पूर्ण उजळलं होतं. पाढे म्हणायचे राहूनच गेले होते.

मग त्यानं तिच्या बोटांकडे पाहिलं.

"फसवलंस गं. कुणी शिकवलं हे, हात धरून बोलायला लावायचं?"

"आईनं."

"कोण तुझी आई?"

नाव जिभेवर होतं. इतकी वर्षं ते तिथंच होतं. हे एक नाव उच्चारलं असतं तर म्हाताऱ्याचं तोंड काळं ठिक्कर पडलेलं तिला बघायला मिळालं असतं. आणि दुसऱ्या दिवशी त्यानं हरकत घेतली असती, बजावणी मोडली असती, आणि प्रणितासाठी पाचवा बेलिफ शोधावा लागला असता.

तिनं त्याच्या कानामागची पट्टी काढली. कडं उतरवलं. "चहा राहू दे, आबा," म्हणाली, आणि पायऱ्या उतरली. नाव तसंच गिळलं. काच गिळावी तसं.

*

खटावकर तारखेला आले. काठी टेकत, धुसफुसत, पण आले. न्यायाधीशांनी त्यांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, मध्ये पाणीही दिलं. कांचन मागच्या बाकावर बसून ते पाहत होती. जी संधी त्यानं तिच्या आईला मिळू दिली नाही, ती त्याला मिळत होती. पूर्ण, रीतसर, खुर्चीसकट. तिच्या मनाला त्यात काही गोडी लागली नाही. प्रणिताला तूर्त वरच्या मजल्याची किल्ली मिळाली. दावा पुढे चालू राहिला.

बजावणीवर हरकत घ्यायची मुदत संपली. त्याच सकाळी कांचननं आपलं कडं धुमाळांच्या टेबलावर ठेवलं.

"काय गं? बिघडलं?"

"नाही, भाऊसाहेब. तुम्ही विचारलं होतं ना, खटावकरांशी काही संबंध आहे का? आहे. त्यांनी माझ्या आईचं दुकान घालवलं."

धुमाळांचा चष्मा नाकावर घसरला. "खुळी आहेस का? मुदत गेली, कोण विचारतंय आता? गप बस की. नोकरी जाईल."

"जाऊ दे. या कड्याचं हिरवं खोटं आहे. यानं माझं वैर रोज हातात घालून फिरवलं आणि त्यालाच स्वच्छ म्हटलं. मला ते उतरवायचंय."

"उतरवून काय करणार?"

"एक बजावणी राहिलीय," ती म्हणाली. "ती मलाच करता येईल. दुसऱ्या कुणाला नाही."

ती वरच्या आळीत गेली तेव्हा दुपार कलली होती. नळाला पाणी आलं होतं, बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. वर प्रणिता कठड्यावर चादर झटकत होती. खालचं दार लोटलेलं होतं.

कांचन दाराकडे तोंड करून उभी राहिली. छाती भरून श्वास घेतला. आणि अशी हाक मारली की नळावरच्या बाया वळल्या, खिडक्या उघडल्या, कौलावरची कबुतरं उडाली.

"वैजयंता दत्तात्रय वेळापुरे, घरात आहात काय?"

आत काहीतरी पडलं.

"वैजयंता दत्तात्रय वेळापुरे!"

दार उघडलं. रंगनाथ खटावकर चौकटीला धरून उभे होते. नाव त्यांना कळलं होतं. ते पाहायला आता कुठल्या पट्टीची गरज नव्हती. ओठ हलत होते. पाढा म्हणत असावेत.

तिसरी हाक तिनं आणखी वरच्या पट्टीत मारली. अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी. मग थांबली. कुणी ओ देतं का, याची वाट पाहिली. कुणी दिली नाही.

"मी तिची मुलगी, आबा," ती म्हणाली. "त्या दिवशी शेजारच्या पायरीवर होते. आणि ती घरातच होती. दाराच्या आत, चार हातांवर, माळा ओवत बसली होती. हाक मारली असतीत, तर तिनं ओ दिली असती."